शिंगं असलेला अल्पाका

आरेकिपा, १४ ऑगस्ट

चि. इयारी हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्याविरुद्ध रीतसर तक्रार आहे. माझ्या अल्पाकाला 'साबणाची वडी' म्हणण्याचा अधिकार तुला कोणत्या शास्त्राने दिला? टॅब्लेटवर चित्रं काढायला मला तूच शिकवलंस. मायदेशी पाठशाळेत व्याकरण चुकल्यावर गुरुजींनीसुद्धा माझी अशी संभावना केली नव्हती!

तरी शिष्य आज्ञाधारक आहे. तू टॅब्लेटवर पाठवलेला लोकर रंगवायचा ब्रश वापरला. केस न् केस कोरत बसलो नाही. आधी सावल्यांचे पुंजके, त्यावर मानेकडून पोटाकडे वळणारे झुपके, कडेला चारदोन चुकार केस. नाकपुड्या ओलसर, गुडघ्यांना माती. वडीची आता उशी झाली आहे.

परीक्षक घरातच. तुझी आई कारखान्यात लोकर निवडते ती बोटांनी. मऊ-भरड ठरवताना बघतसुद्धा नाही. माझ्या चित्रांकडे मात्र डोळे वटारून बघायची. गेल्या वर्षी म्हणाली होती, "म्हाताऱ्या, ही मेंढी कुणाची चोरलीस? परत देऊन ये!" शेजारच्या फेलिसितासलाही हाक मारून दाखवली.

हल्ली नुसतं, "छान आहे."

आधी मी फुगलो. मग कारणाशिवाय हे कार्य कसं घडलं, असा संशय आला. म्हणून रविवारी माझ्या सर्वांत चांगल्या अल्पाकाच्या डोक्यावर त्या प्राण्याला कधीच नसतात ती दोन शिंगं काढली, चांगली बोकडासारखी, आणि टॅब्लेट तिच्यापुढे धरला. तिने काचेवरून बोट फिरवलं, लोकरीवरून फिरवते तसं.

"छान आहे रे. मऊ दिसतोय."

"आणि डोकं? डोकं जमलंय का?"

"डोकंही छान. तुझ्यापेक्षा बरं आहे. सूप निवतंय, जेव आता."

मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

ती वाटी उचलताना आधी मेज चाचपते. जिन्यात माझा दंड धरते. मला ते प्रेम वाटत होतं.

पत्र लिहायला घेतलं ते कानांतली लव कशी काढावी हे विचारायला. ते राहू दे. इयारी, तुझ्या आईला दिसेनासं झालं आहे. ती ते लपवते आहे, आणि मी कळूनही गप्प आहे. डॉक्टरकडे चल म्हटलं तर मलाच हसेल, तुझं ऐकेल. लिमाहून मिळेल त्या बसने ये. मला फार भीती वाटते.

तुझी वाट पाहणारा,
बाबा