फिकट गुलाबी

३ फेब्रुवारी
दुसऱ्या सेमिस्टरचं पहिलंच प्रॅक्टिकल आणि पहिलाच पचका! उंच नळीत – म्हणजे ब्युरेटमध्ये – सोडियम हायड्रॉक्साइड. खाली काचेच्या चंबूत ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. वरून थेंब थेंब सोडायचं, खाली चंबू हलवत राहायचं. टेंभुर्णे सर म्हणाले, "पाणी फिकट गुलाबी झालं का हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त पडला त रीडिंग गेलं!"

मी सोडत राहिलो. सोडतच राहिलो. पाणी आपलं पाण्यासारखं. शेवटी जरा मळकट वाटायला लागलं, तोवर सर मागे येऊन उभे. "अबे लिलाधर, केमिस्ट्री करून राहिला का शरबत?" अख्खी बॅच हसली. मीही हसलो. पण शरबत कुठे होतं ते मला अजून कळलेलं नाही.

१० फेब्रुवारी
जोड्या पाडल्या. माझ्या नशिबी ज्योत्सना. करडी गावची आहे, इथे साकोलीत मावशीकडे राहते. जीभ म्हणजे भिवापुरी मिरची! आल्या आल्या ठरवून टाकलं – "तू नळी सांभाळ, मी चंबू पाहते. मी थांब म्हटलं का थांबायचं. डोकं नाही लावायचं."

डोकं नाही लावलं. ती म्हणाली "थांब!" – मी थांबलो. रीडिंग असं चोख की सरांनी दुसऱ्यांना आणून दाखवलं. ज्योत्सना म्हणाली, "पाहिलं?" मी काहीच पाहिलं नव्हतं. "थांब" छान म्हणते मात्र.

१६ फेब्रुवारी
आईने पाण्याचा नवा ड्रम आणला. कोणता? निळा! दुसरा कोणता असणार! आमचं दार निळं, खिडक्या निळ्या, बादली निळी, माझी सायकल निळी, आणि आईच्या साड्या तर झाडून साऱ्या निळ्या. बाबांनी एकदा दारासाठी हिरव्या रंगाचा डबा आणला होता, आईने त्यांना उभ्या उभ्या परत पाठवलं. बाबा तलावावरून येऊन ड्रमकडे बघत म्हणाले, "तुयी माय मागल्या जन्मी निळीचा कारखाना चालवत असंन!" आई म्हणाली, "हो, आन् तुमी तिथं हमाल होते."

२३ फेब्रुवारी
बाजार. आईसोबत मासे विकायला बसलो. एका बाईने रोहू उचलला, कल्ल्याखाली बोट घालून मला विचारलं, "लाल हाये ना रे बाबू?" मी तोंड उघडायच्या आत आई – "त्याले नोको विचारू, मले विचार!" नेहमीचंच. एवढा घोडा झालो, कॉलेजात जातो, पण माशाचे कल्ले बघायची परवानगी नाही! लहानपणापासून मला तिने अंगठ्याची रीत शिकवली आहे. अंगठा दाबायचा, मांस वर उसळलं तर ताजा, खड्डा राहिला तर शिळा. चुकत नाही मी कधी. मासेमारी करणारे सारे ढिवर कल्ले बघतात, मी एकटा अंगठा लावतो. बाजारात शेजारी मासे विकणारी कलाबाई मला अंगठेबहाद्दर म्हणते.

३ मार्च
आज ज्वालेची परीक्षा. तारेच्या टोकावर क्षार घेऊन बर्नरच्या आगीत धरायचा, आगीचा रंग बघून धातू ओळखायचा. कॅल्शियम असेल तर विटकरी लाल, बेरियम असेल तर हिरवा. ज्योत्सना धरत होती, मी लिहीत होतो. मी सगळं उलटं लिहिलं! ती म्हणाली, "झोपेत आहेस का बे?" नव्हतो झोपेत. चांगले डोळे फाडून बघत होतो. आग ती आग. दोन्ही आगी मला सारख्याच दिसल्या. बाकीचे एवढ्या खात्रीने कसं सांगतात?

१३ मार्च
उद्या धुळवड म्हणून आज कॉलेजात रंग. ज्योत्सनाने मागून येऊन गालाला फासला, मग मूठ उघडून समोर धरली. "सांग कोणता?" मी म्हटलं, "हिरवा." ती खूप हसली. मग एकदम हसायची थांबली.

"लाल हाये रे."

मला पायरीवर बसवलं. ओढणी दाखवली, कॉलेजची पाटी दाखवली, वर्गातल्या मोनाच्या बांगड्या दाखवल्या. मग रस्त्यापलीकडचं झाड दाखवून म्हणाली, "त्या पळसाले पाह्य. काय दिसते?"

मी म्हटलं, "वाळकी पानं. झडायला आली आहेत."

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. मग हळूच म्हणाली, "फुलं आहेत लिलाधर. पुरं झाड पेटल्यावानी दिसून राहिलं."

एकोणीस वर्षांचा झालो. पळसाच्या मुलखात वाढलो.

१४ मार्च
आज पळसाखाली गेलो. खाली पडलेली फुलं वेचून हातात घेतली. मऊ असतात. मखमलीसारखी.

१७ मार्च
सरांनी सांगितलं, सोळा एप्रिलला प्रॅक्टिकलची परीक्षा. बाहेरचे परीक्षक येणार. जोडीबिडी काही नाही – ज्याची नळी त्याची, ज्याचा चंबू त्याचा! टायट्रेशन सगळ्यांना.

म्हणजे संपलं. एकट्याने फिकट गुलाबी कसं ओळखणार? नापास होणं सोडा, मला केमिस्ट्रीच सोडावी लागेल. ज्याला रंग दिसत नाही तो केमिस्ट्री शिकतो हे म्हणजे बहिऱ्याने तबल्याची शिकवणी लावण्यासारखं!

केमिस्ट्री घेतली ती त्या पाणीवाल्या साहेबामुळे. बारावीत होतो तेव्हा तलावात रातोरात मासे उलटे झाले, सारा गाव काठावर. भंडाऱ्याहून एक साहेब आले, छोट्या बाटल्यांत आमचं पाणी घेतलं, दोन-दोन थेंब टाकले, आणि पाण्याला काय झालं ते सांगितलं. बस! मला ते व्हायचं होतं. बाबा म्हणत होते आर्ट्स घे, सोपं असते. आई म्हणाली, "त्याच्या मनात हाये ते करू द्या."

त्या साहेबांच्या बाटल्यांचे रंग बदलले असणार. मला तेव्हा ते दिसलेच नसणार. मी आपला थेंबांकडे बघत होतो.

आईला सांगणार नाही. तिला वाटेल पोराचे डोळे गेले.

२४ मार्च
ज्योत्सनाची शक्कल – "मी बाजूच्याच टेबलावर असंन. तुयं पाणी गुलाबी झालं का मी खोकलीन. खोकला ऐकला का नळी बंद!" एकदम सोपं. दोन एप्रिलला कॉलेजची सराव परीक्षा आहे, तेव्हा करून बघू. तिला आपल्या शकलेचा एवढा आनंद झाला की बसस्टँडपर्यंत खोकत आली.

२ एप्रिल
काय सांगू! माझी नळी सुरू झाली, आणि मागच्या टेबलावर धनंजयच्या हातून अमोनियाची बाटली कलंडली. सारी लॅब खोकायला लागली! पुढून खोकला, मागून खोकला, सर खुद्द खोकताहेत! मी पहिल्याच खोकल्याला नळी बंद केली. मग वाटलं हा तिचा नव्हता, पुन्हा उघडली. पुन्हा खोकला, पुन्हा बंद. ज्योत्सना जीव तोडून खोकत होती बिचारी. सरांनी तिला बाहेर नेऊन पाणी पाजलं. माझं रीडिंग बघून म्हणाले, "हे उत्तर कोण्या देशाचं आहे?"

हसू येतंय लिहिताना. पण तेव्हा रडायलाच आलं होतं.

३ एप्रिल
भांडण. ती म्हणते सरांना सांग. मी म्हणतो मरेन पण सांगणार नाही – उद्या सारं कॉलेज बोटं दाखवून विचारेल, हा कोणता रंग, तो कोणता रंग. ती म्हणाली, "मंग बस लपवत! नापास होशीन त लोकं कमी हसतीन का?" मी म्हटलं तुला काय त्याचं. तरातरा निघून गेली.

५ एप्रिल
दोन दिवस "थांब" म्हणणारं कोणी नाही. वाईट वाटतं.

७ एप्रिल
आज सांगितलं!

लॅबच्या दाराशी ज्योत्सना उभी होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आत जाशीन त मी संग येते. नाही जाशीन त मी एकटी जाऊन सांगते." गेलो. सर नळ्या धूत होते. मी सांगायला लागलो. फिनॉल्फ्थॅलिन... गुलाबी... मला... एवढंच. बाकीचं तिने सांगितलं.

सर हात पुसत माझ्याकडे बघत राहिले. आता म्हणणार, दुसरा विषय घे पोरा. तर म्हणाले, "मंग काहून नाही बोलला आतापर्यंत? मी तुले फेब्रुवारीपासून शरबतवाला म्हणून राहिलो ना बे!" त्यांचाच चेहरा पडला होता. मग स्टुलावर चढून वरच्या कपाटातून एक धुळीची बाटली काढली. थायमॉल्फ्थॅलिन. म्हणाले, "गुलाबीनंच थांबा असा काही कायदा नाही. निळा दिसते का तुले?"

निळा! सर, मी निळ्यातच वाढलो आहे!

चंबू भरला. त्या बाटलीतले दोन थेंब. सर बाजूला झाले. ज्योत्सनाने तोंडावर हात दाबून धरला, चुकून थांब निघू नये म्हणून. मी थेंब थेंब सोडत गेलो. पाणी. पाणी. पाणी. आणि एका थेंबाला – निळं!! फिकट, अगदी फिकट, पण निळं. आमच्या दाराचा जुना रंग विटून होतो ना, तसं. माझा हात आपोआप थांबला. कोणी सांगितलं नाही, मीच थांबलो.

बाकीच्यांना हे दर सोमवारी दिसत होतं तर!

ज्योत्सना म्हणाली, "रडून काहून राहिला? चंबूत पडंन ना." रडतच होती ती पण.

१६ एप्रिल
सरांनी परीक्षकांशी आधीच बोलून ठेवलं होतं. बाहेरच्या मॅडमनी बाटली बघितली, मान हलवली. तीनही रीडिंग सारखी आली. मॅडम म्हणाल्या, "हात स्थिर आहे तुमचा." अंगठेबहाद्दर आहे मॅडम! – हे मनात.

१८ एप्रिल
आज आईला सगळं सांगितलं. ती ओसरीवर झिंगे निवडत बसली होती. मी म्हटलं, घाबरू नको, डोळे चांगले आहेत, फक्त लाल आणि हिरवा मला वेगळा कळत नाही, जन्मापासूनच असतं म्हणे. तिचा हातही थांबला नाही. म्हणाली,

"मले माहीत हाये."

माहीत आहे?!

"तुया आज्याले, माया बाबाले बी असंच होतं. मीच सांगत होती त्याले, बाबा हा टमाटर पिकला, हा कच्चा हाये. तू चार वर्साचा असशीन. साकोलीच्या बाजारात हात सुटला. मी लाल साडी नेसली होती. पाहते त तू एका हिरव्या साडीवालीचा पदर धरून उभा. ते बाई हासे, आन् तू मान वर करून तिच्या तोंडाकडं पाहे आन् रडे, का हे आपली माय नोहे. तवाच समजली मी."

मी विचारलं, मग मला कधी सांगितलं काहून नाही?

"सांगून का करत होती? तुले वाटलं असतं, आपल्याले काई कमी हाये. त्यापक्षा अंगठा शिकवला."

मग झिंग्यांचं टोपलं माझ्याकडे सरकवलं. "निवड आता. याले रंग नाही लागत."

बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिलो. लहान असतो तर मांडीवर डोकं ठेवलं असतं. मग ठेवलंच.

२७ एप्रिल
साकोलीहून आईला साडी आणली. ज्योत्सना सोबत होती, पण रंग मी निवडला – निळा, काठासकट निळा. आईने घडी मोडून खांद्यावर धरली, दोनदा हात फिरवला. मी म्हटलं, तुला निळाच आवडतो ना, म्हणून दुसरी बघितलीच नाही.

आई हसली. "मले? मले त लाल आवडते."