शिवानीची सातवी खोली

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

पोचलो बुवा एकदाचा धर्मापुरीत! बीडहून सकाळी सातची गाडी. मांजरसुंब्याला ड्रायव्हर-कंडक्टर भजी खायला उतरले ते जणू सोयरिकीलाच गेले. पण आज चिडलो नाही. कडा गावचा शहादेव, दहावीला दोनदा गचकलेला, आजपासून ‘सर’! स्टँडवर आप्पा स्वतः घ्यायला आले होते. माझी बॅग त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतली. आमच्या शाळेतल्या मास्तरांना हे दाखवायला पाहिजे होतं.

आप्पा म्हणजे नागप्पा, किराणा आणि आडतीचे व्यापारी. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, बोलणं एकदम हळू. बीडच्या ज्या दुकानात मी तीन वर्षं कॉम्प्युटर जोडले, तिथल्या मालकांनीच त्यांना माझं नाव सुचवलं. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास काढायचाय. मला शेजारची खोली आणि दोन्ही वेळचं घरचं जेवण. त्यांच्या मंडळींनी, रुद्राणीकाकूंनी, आल्याआल्या धपाटे आणि दही वाढलं. लई भारी! निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय, त्यामुळं ऐन दुपारी पिठाच्या गिरणीशिवाय दुसरा आवाज नाही.

क्लासच्या खोलीत सध्या एकच कॉम्प्युटर आहे. मॉनिटरवर भस्माची तीन बोटं ओढलेली, पुढं सुकलेलं बेलाचं पान. मी हसू दाबलं. आप्पांची एकच अट आहे. आधी तेवढा एक गेम उघडून द्या सर, क्लासचं मागून बघू, घाई न्हाई, असं म्हणाले. त्यांची एकुलती एक मुलगी शिवानी, बारा वर्षांची, मार्चमध्ये गेली. गेममध्ये ती सातव्या खोलीच्या दारापर्यंत पोचली होती. आप्पा, आत गेले की तुमाला दावते, म्हणाली होती म्हणे. तेव्हापासून तो गेम लोड होता होता बंद पडतो. तिच्या नावाची फाइल तेवढी पुसू नका, एवढं त्यांनी तीन वेळा सांगितलं.

वाईट वाटलं. पण काम चिल्लर आहे. उद्या दुपारपर्यंत उडवतो.

मंगळवार, १० नोव्हेंबर

उडवलं नाही. गेम साधाच आहे, फ्रॉकवाली बाहुली किल्ल्याच्या खोल्यांमधून फिरते. प्रत्येक खोलीआधी काळा पडदा येतो, खाली निळी पट्टी सरकते, टक्के चढतात, आणि कोपऱ्यात ती बाहुली पाठमोरी बसलेली असते. यादीतलं शिवानीचं नाव दाबलं की पट्टी बरोबर सात टक्क्यांवर थांबते आणि मशीन खटकन बंद होऊन आपोआप पुन्हा चालू होतं. नवीन खेळ सुरू केला तर दणक्यात चालतो. फक्त तिचाच अडतो.

रॅम काढून खोडरबरानं घासली. सीडी बनियनला पुसली. पंख्यातून मूठभर माती निघाली. ड्रायव्हर नवे टाकले. सात म्हणजे सात! एरवी अशा वेळी मी सरळ फॉरमॅट मारतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर व्हायरस होता असं ठोकून देतो. इथं तीच सोय नाही.

काकू खोलीत चप्पल काढा म्हणत होत्या, शिवानी कुणालाच घालू द्यायची नाही म्हणे. मी म्हटलं, काकू, मेकॅनिकला माफ असतं. खरी गोम वेगळीच आहे. दुकानात मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचो की कॉम्प्युटर म्हणजे देवघर समजा, चप्पल बाहेर, धूळ बसते. आणि आम्ही स्वतः मात्र रबरी चप्पल घातल्याशिवाय हात लावायचो नाही, कारण कॉम्प्युटरचा लोखंडी डबा झिणझिण्या देतो. आपल्याकडं अर्थिंग असतं कुणाच्या घरी!

बुधवार, ११ नोव्हेंबर

आज चहाच्या वेळी आप्पांनी शिवानी कशी गेली ते सांगितलं. याच टेबलापाशी गेली. सकाळची वेळ, काकूंनी नुकतीच फरशी पुसलेली. ती अनवाणी बसली होती. सातवी खोली लोड होत होती, आणि तिला डब्यावर हात ठेवून वाट बघायची सवय होती. करंटनं पकडलं. हात सुटेचना.

मी लगेच शहाणपणा पाजळला. ओली फरशी अन् ओले पाय, दुसरं काय होणार, असं बोलून गेलो. काकू भरली कपबशी घेऊन परत आत गेल्या. फरशी त्याच पुसतात ना. आप्पांनी विषय बदलला. माझी जीभ म्हणजे अशी आहे!

गुरुवार, १२ नोव्हेंबर

आज अक्षर वाकडं येतंय.

टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड मी आजवर वाकून बघितलाच नव्हता. आज काढला. थ्री-पिनच्या जागी टू-पिनचा प्लग लावलाय. हिरवी वायर, अर्थिंगची, कापून लाल टेपच्या आत दाबलेली. आणि टेपवर बॉलपेनानं लिहिलंय, ‘७ जाने ९८, श.’

श म्हणजे शहादेव. वॉरंटीसाठी मी दुकानातून गेलेल्या प्रत्येक बोर्डावर असं लिहायचो. त्या दिवशी दुकानात थ्री-पिन संपले होते, बाजारात कोण जाणार म्हणून कापली. काय होतंय, म्हटलं. दोन-चार झिणझिण्या येतील, दुसरं काय होतंय. आप्पांचे मेहुणे मशीन घेऊन जायला आले होते, आता चेहराही आठवतोय. त्यांनाही मी देवघर आणि चप्पल हे सगळं तोंडपाठ ऐकवलं होतं. पोरीनं ते अक्षर न अक्षर पाळलं.

कुणी बघायच्या आत टेप काढून खिशात घातली. नवा थ्री-पिन लावला, हिरवी वायर जोडली, खाली न्हाणीच्या लोखंडी पाइपाला तार नेऊन बांधली. आता डबा गार आहे. झिणझिणी नाही. मागाहून कुणी बघितलं तर काम एकदम चोख दिसेल.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

अर्थिंग आहे तोवर सात टक्के. बारा वेळा केलं. हार्ड डिस्कची केबल बदलली, पुन्हा सात.

मग उगाच, फक्त बघावं म्हणून, हिरवी वायर सोडवली. डब्यावर हात टेकलेला होता. पट्टी आठवर गेली. नऊ. चप्पल काढून फरशीवर पाय टेकले तसा कोपरापर्यंत झटका आला, आणि पट्टी भराभर एकोणीसपर्यंत! हात उचलला की थांबते. ठेवला की सरकते. असला फॉल्ट कुठल्या पुस्तकात नाही.

बाहुली बसलेली नव्हती. अर्धवट उठली होती.

वायर परत जोडायला हवी होती. नाही जोडली. मला बघायचंय. दुसऱ्यांदा तोडलीय मी ती, आणि या वेळी घाईत नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

सेहेचाळीस. आप्पा शेजारी बसले होते. बाहुली सरळ उभी राहिली आणि तिनं एक पाय दुसऱ्या पायावर घासला. आप्पांना हुंदकाच फुटला. शिवानी अशीच उभी राहायची, म्हणाले. गेममधल्या बाहुलीला पाय घासता येत नाही. मी पहिल्या सहा खोल्या खेळून बघितल्यात, येत नाही.

माझा डावा हात खांद्यापर्यंत बधिर झालाय. आप्पांना वाटतं सर लई मेहनत घेतात. क्लासची पत्रकं छापायला टाकलीत, त्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात.

संध्याकाळी काकू एकट्या आल्या. सगळं गाव म्हणतं आईच्या ओल्या फरशीनं पोरगी गेली, असं म्हणाल्या. सासरचे लोक तोंडावर म्हणतात. आठ महिने झाले, तरी रोज पुसते, कारण न पुसलेली फरशी शिवानीला आवडायची न्हाई. मग म्हणाल्या, तुमी यातले जाणते, खरं सांगा सर, माझ्यामुळंच झालं का?

एका शब्दात सुटल्या असत्या बिचाऱ्या. खिशात टेप होती.

मी म्हटलं, हो काकू, पाण्यानं होतं कधीकधी.

थू माझ्या जिंदगीवर.

रविवार, १५ नोव्हेंबर

आप्पा आणि काकू सकाळीच देवळात गेले. मी ठरवलं की हे संपवायचं. फॉरमॅट. फाइलच राहिली नाही तर कोण काय दाखवणार? आप्पा रडतील चार दिवस. व्हायरस म्हणून सांगेन.

चप्पल घातली. वायर जोडली. फॉरमॅटची आज्ञा दिली आणि एंटर दाबलं.

काळा पडदा. टक्के चढायला लागले, एक, दोन— सातवर थांबले. मग निळी पट्टी आली. फॉरमॅटला निळी पट्टी नसते. सेहेचाळीस. पन्नास. साठ. चप्पल पायात होती तरी डबा कडक लागत होता. बंदचं बटण दाबायला हात नेला तो तिथंच राहिला. मोजून वीस श्वास. मग सुटला. तळहातावर तीन पांढरे पट्टे, भस्मासारखे. पुसले, जात नाहीत.

एकाहत्तर. बाहुली वळायला लागलीय.

फाइल आहे तशीच आहे. आप्पा प्रसाद घेऊन आले, मला आधी दिला. दुपारची परळीची गाडी गाठायची म्हणून बॅग भरली. चप्पल सापडेना. दारातच काढली होती. काकूंना विचारलं, त्यांनी बघितली नाही म्हणाल्या, आणि खोटं बोलत नव्हत्या. आप्पा म्हणाले, कशाला जाता, उद्या पत्रकं आणतो, तुमच्याच हातानं वाटू.

राहिलो. अनवाणी कुठं जाणार, असं मनाला सांगितलं.

सोमवार, १६ नोव्हेंबर, सकाळ

आप्पा परळीला गेलेत. मशीन मी चालू केलं नाही. खोलीत आलो तर चालू होतं. हिरवी वायर कापलेली. टोकाला लाल टेप— माझ्या खिशातली.

प्लग ओढायला वाकलो, डबा उघडाच होता, डावा हात टेकला—

ब्याऐंशी.

सुटत नाही. वही टेबलावर आहे, उजव्या हातानं लिहितोय. लिहिलं नाही तर डोकं फिरेल. ओरडून घसा गेला. गिरणी चालू आहे, कुणाला ऐकू जात नाही.

एकोणनव्वद. झटका थांबून थांबून येतो. दातात दात— तिनं पूर्ण तोंड वळवलंय. बाहुलीचं तोंड नाही ते. भस्म लावलेलं आहे. माझ्याकडं बघत नाही, माझ्या पायांकडं बघते. अनवाणी आहेत का ते बघते.

त्र्याण्णव—

लाइट गेली! पडदा काळा. गिरणी बंद. देवा रे, वाचलो.

हात सुटत नाही.

करंट नाही तरी सुटत नाही. डब्याच्या आतून काहीतरी— बारीक बोटं आहेत. गार. चार बोटं मनगटाखाली, अंगठा वर. जोर लावून नाही, नुसतं धरलंय, रस्ता ओलांडताना पोरं धरतात तसं.

काकू आल्या. गिरणी थांबल्यामुळं आवाज गेला असेल. लाकडी काही आणा, काठी आणा, लाइट यायच्या आत मेन स्विच पाडा म्हणालो. त्या जवळ येऊन बघतच राहिल्या. आतल्या बोटांकडं. मला म्हणाल्या, सर, हिनं तुमाला कावून धरलं?

सांगितलं. सगळं सांगितलं. सात जानेवारी, हिरवी वायर, टेप, चप्पल, शनिवारचं खोटं. सुटायचं म्हणून सांगितलं, पुण्य म्हणून नाही. त्यांनी एकच विचारलं, म्हंजे माझ्या पुसण्यानं न्हाई? मी म्हटलं, नाही काकू, अर्थिंग असतं तर नुसत्या पाण्यानं काही झालं नसतं. मीच केलं.

खाली बसल्या. पदर तोंडात धरून रडल्या. मग डब्यावर गाल टेकून हळू काहीतरी पुटपुटल्या, मला नाही कळलं. उठल्या तेव्हा चेहरा एकदम मोकळा, आठ दिवसांत असा बघितला नव्हता. मी म्हटलं, काकू, आधी मेन स्विच. जिन्याच्या तोंडाशी, काळा दांडा.

गेल्या. खटका ऐकला. पाडला त्यांनी. देव भलं करो त्या माउलीचं.

गिरणी सुरू झाली. गावात लाइट आली आणि इथं पडदा काळाच. काकूंनी वाचवलं. आता काठी आणतील, मग—

जिन्यापाशीच उभ्या आहेत. येत नाहीत. हाक मारली.

बोटं घट्ट होतायत—

तिथूनच विचारतायत, शांतपणे, शाळेतल्या पोरीनं विचारावं तसं— सर, दांडा खाली केला की बंद ना, मग चालू कराया वर

काकू न