संत्र्याची फोड

१२ एप्रिल
पास झालं! सातव्या खेपेला. ज्ञानेशभाऊंनी स्क्रीनवरचं लेबल मोठं करून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "मॅडम, आता जमलं! बघूनच तहान लागती!"

चाकणला त्यांचा केमिकलचा छोटा कारखाना आहे. यंत्रांवरचं ग्रीस काढायचं पाणी बनवतात, संत्र्याच्या वासाचं. आधी मी पाना आणि दातेरी चाक दाखवलं होतं. "ते सगळ्यांच्याच बाटलीवर आसतंय, नवीन काढा." मग कापलेली फोड काढली, तिच्यावरून ओघळणारा थेंब, मागे हिरवं पान. पारदर्शक बाटली, आत केशरी पाणी. सुंदर दिसतं. धोक्याचा इशारा मागच्या बाजूला, इंग्रजीत, बारीक – पुढे घेतला तर फोड झाकली जात होती.

२ मे
चिखलीतल्या हार्डवेअरच्या दुकानात माझ्या बाटल्या ओळीनं उभ्या! फोटो काढून पप्पांना दाखवला. "सरबत काढलंय का कुणी नवीन?" म्हणाले. हसले मी.

९ मे
ज्ञानेशभाऊंचा फोन. आवाज बसलेला. एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासणारी बाई ते केशरी पाणी प्यायली. दुपारची वेळ, बाटली ओट्यावर होती. पेल्यात ओतून दोन घोट. गिरजाबाई नाव. पिंपरीला दवाखान्यात ठेवलंय.

"कशी आहे ती?"

"ते डॉक्टर बघतील. तुमी येक करा. लेबलची नवी फाइल बनवा. पुढं लाल पट्टी, कवटी, मराठीत मोठं लिवा. तारीख एप्रिलची टाका आन जुनी उडवा. इचारलं तर पयल्यापासनं आसंच हुतं म्हनायचं. छापनाऱ्यानं चुकीची फाइल छापली."

छापणारे म्हणजे रोहिदासकाका. आकुर्डीत त्यांच्याच प्रेसमध्ये मी काम शिकले. माऊस कसा धरायचा इथपासून!

"बघते" म्हणून फोन ठेवला. का म्हणाले 'बघते'?

१० मे
पप्पांना सांगितलं. फक्त बाईचं. फाइलचं नाही.

तीस वर्षं ते कारखान्यात प्रेसशॉपवर, पत्रा दाबायच्या यंत्रांवर होते.  म्हणाले, "आमच्यात लाल डबा दिसला की हात आपोआप मागं यायचा. वाचायला सवड कुणाला होती, मिनल?" आणि उठून गॅलरीत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ मे
केली फाइल. वीस मिनिटं लागली. लाल पट्टी, कवटी, ठळक अक्षरांत 'विषारी – पिऊ नका'. फोड जरा वर सरकवली आणि सगळं मावलं. जागा होती. पहिल्यापासून होती!

१२ एप्रिल तारीख टाकून ज्ञानेशभाऊंना पाठवली. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं. जुनी फाइल मात्र उडवता आली नाही. दोनदा हात गेला, दोनदा मागे घेतला.

१३ मे
दवाखान्यात गेले. दाराशी गिरजाबाईंची मुलगी भेटली, योगिनी. पुनावळ्याला राहतात दोघीच. मूळच्या लातूरकडच्या. "तुम्ही कोण?" तिनं विचारलं. "कंपनीकडून." तोंडातून निघून गेलं. तिनं लगेच पदराआडची – नाही, ओढणीखालची – कागदांची पिशवी पुढे केली. कुठं सही लागेल का, विचारत होती.

गिरजाबाईंच्या नाकात नळी. बोलू नका सांगितलंय, तरी बोलत होत्या. घोगरं, तुटक. "संत्र्याचं चित्र व्हतं की. सायबांच्या कार्यक्रमाचं उरलं आसंल वाटलं. पोरीला न्यावं म्हनलं. मग म्हनलं, आधी आपुन दोन घोट घ्यावं." थांबल्या. "चोरून पिलं, बाई. भोगायचंच हाय."

मी त्यांचा हात धरून बसले.  

१४ मे
'चोरून पिलं.' दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. बेकरीच्या खोक्याचं काम आलंय. नाही म्हणून सांगितलं.

१७ मे
रोहिदासकाकांना पोलिसांनी बोलावलं. बाहेर आल्याबरोबर मला फोन. "मिनल, तू लाल पट्टीची फाइल दिली होतीस का गं मला? कारखान्यावाले म्हणतात, दिली होती. मला आठवतच नाही. डोळे गेले की डोकं गेलं, कळंना." स्वतःवरच शंका घेत होते!

मी म्हणाले, "काका, शोधते."

शोधते! जुनी फाइल समोर उघडी होती.

१९ मे
सकाळी गिरजाबाई गेल्या. आतून जखम फुटली म्हणे. योगिनीनं स्वतः फोन केला – कंपनीच्या मॅडमना कळवायला.

ज्ञानेशभाऊंचा पण आला. "आता तोंड उघडू नका." मी फोन ठेवला. पप्पांना फाइलचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

२० मे
चाकणच्या पोलीस ठाण्यात दोन्ही फाइली उघडून दाखवल्या. कोणती कधी केली, कुणी करायला लावली, सगळं. काकांची काही चूक नाही, हेही. फौजदार म्हणाले, "तुमच्यावरही गुन्हा लागेल, कळतंय ना?" मी हो म्हणाले.

योगिनी बाकावर बसून ऐकत होती. "लेबल तुम्ही काढलं?"

"हो."

"म्हणजे तुम्ही कंपनीच्या नव्हता."

"नाही."

 तिनं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा. जबाब लिहायला वेळ लावतात ते."