चौकशीला नेलंय

आबा, मुरबाडच्या पोलीस लायनीतली ती दुपार तुम्हाला आठवत असेल का? धाकट्याने माझी पाटी फोडली म्हणून मी त्याला न्हाणीत कोंडून बाहेरून कडी घातली होती. तुम्ही ड्युटीवरून आलात, कडी काढलीत आणि मलाच विचारलंत, "का कोंडतेस ते सांगितलंस त्याला? आईला कळवलंस?" मी नाही म्हणाले. "मग तू कडी घालणारी कोण गो?" आई हसली. तुम्ही हसला नाहीत. जेवताना भाकरी मोडत म्हणालात, वॉरंट नसतानाही आम्ही माणूस उचलू शकतो, म्हणूनच कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करायचं. नाहीतर ते पळवून नेणंच.

यंदा भाताची झोडणी चालू असताना त्याच धाकट्याला खर्डीजवळच्या आपल्या खळ्यावरून उचललं. साध्या कपड्यांतले तिघे, छातीवर नाव नाही. भावजयीचा मला शहापुरात फोन आला. "ताय, यांना नेलं वो. कशापायी विचारलं, तर म्हणतात, कळेल." रिक्षाने फिरत फिरत तिसऱ्या ठाण्यात तो सापडला. सापडला म्हणजे काय, आतल्या दाराशी त्याच्या चपला दिसल्या. आत अगदी शांत होतं.

टेबलामागचे साहेब चहा पीत होते. "अटक कुठे केलीय, बाई? चोरीच्या पंपाबद्दल नुसतं विचारतोय."

"मग घरी नेते त्याला."

"विचारून झालं की न्या."

"अटक नाही तर अडवलंय कशावर? आणि असेल तर कारण लिहून द्या, वकिलाला भेटू द्या."

त्यांनी कप बशीत ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुमचंही नाव-पत्ता सांगून ठेवा."

आबा, अटक म्हणायचंच नाही, म्हणजे तुमचे चोवीस तास सुरूच होत नाहीत, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. मी बाकावरून उठले नाही. संध्याकाळी वकीलबाई आल्या, त्यांनी तोच प्रश्न लेखी दिला, तरी त्याला सोडला दुसऱ्या दिवशी दुपारी. पंप कुणाचा, संशय कसला, कुणी सांगितलं नाही. तो सुजल्या पायांनी, अनवाणीच बाहेर आला. वैद्यकीय तपासणीला चल म्हटलं, तर म्हणाला, "नको ताय, परत येतील."

ते येतात. आत शिरत नाहीत. जीप खळ्यापाशी हळू होते, थांबते, निघून जाते. झोडणी अर्धीच पडून आहे. वकीलबाईंनी तक्रार लिहून तयार ठेवलीय, पण त्याची सही होत नाही.

तुम्हाला एवढं लिहिलं खरं, पण पाठवू कुठे? आणि एक सांगायचं राहिलं. परवा तो माझ्याकडे जेवायला आला, तर तुमच्या वर्दीतल्या फोटोकडे पाठ करून बसला. अर्ध्या ताटावरून उठला. तो गेल्यावर मी फोटो भिंतीवरून काढला. कपाटात आहे, साड्यांच्या खाली.