कॉर्टिसोल आणि माझे केस

३ मार्च, सोमवार
वजन ९१. रविवारी विंचू नावाच्या पैलवानाशी केसांची कुस्ती, हरेल त्याचं मुंडन. त्याआधी काट्यावर ८७ भरायला हवं, नाहीतर न लढताच हार आणि भर रिंगणात माझं मुंडन. वीस वर्षं वाढवलेत हे केस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवारिस्तो, तुम्ही सतत चिडता, त्याने कॉर्टिसोल वाढतं, भूक खवळते, चरबी पोटावर बसते. म्हणजे दोष जेवणाचा नाहीच! आजपासून शांत.

४ मार्च
टॅक्सीवाल्याने कट मारला. शांतपणे उतरलो, शांतपणे त्याचा आरसा उपटला, त्याच्याच हातात दिला. राग आत साठवला तर कॉर्टिसोल वाढणार. बाहेर काढणं हे औषध. नंतर मक्याच्या पानात वाफवलेले पाच तमाल खाल्ले. ताण उतरवायला.

५ मार्च
मी रिंगणातला दुष्ट. मी चावायचं, पब्लिकने शिव्या द्यायच्या, हाच धंदा. आज एकाचं कपाळ खुर्चीने फोडलं. पहिल्या रांगेतल्या एदुविखेस आजीने नेहमीप्रमाणे माझ्या पाठीत चप्पल घातली. वर म्हणाली, मुडद्या, आधी ती ढेरी आवर! इतकी वर्षं मारते, पण ढेरी कधी काढली नव्हती. फार लागलं.

७ मार्च
ओफेलिया म्हणते, तुमचं कॉर्टिसोल मक्याच्या पानात गुंडाळून मिळतं वाटतं. बायको आहे की वैरीण? ओट्यावर मूठ आपटली. ओटा जिंकला. बोटं सुजली. सूज म्हणजे पाणी, पाणी म्हणजे वजन. दोष तिचा.

८ मार्च
अजून ९१. काटा बिघडलाय. भिंतीवर फेकला. आता नक्की बिघडला.

९ मार्च, रविवार
रिंगणातल्या काट्यावर ९२. पंच हसला. उचलून टेबलावर आपटला. टेबल मोडलं, निकाल नाही.
न्हाव्याने रिंगणात खुर्चीवर बसवलं. पब्लिक नाचत होतं. केस मांडीवर पडत होते, मी बघत होतो. एदुविखेस आजी वर चढली, तशी मी सवयीने पाठ पुढे केली. तिने चप्पल काढलीच नाही. अंगावरची शाल माझ्या डोक्यावर टाकली आणि म्हणाली, जा रे पोरा घरी, वारं गार आहे.
त्यापेक्षा मारायचं होतं. मला रडू आलं. राग मात्र आला नाही, कुणाचाच नाही.
म्हणजे कॉर्टिसोल उतरलं. वजन उद्या उतरलेलं असणार. बघायला काटा तेवढा नाही.