ओबरलेनच्या राखी नासपतीची वाटणी

गेल्या मंगळवारी गावच्या करपा-तपासनीस बाईंनी माझ्या अंगणातल्या राखाडी फळांच्या ‘राखी’ नासपतीला करपा झाल्याचे नक्की केले. प्रयोगशाळेनेही दुजोरा दिला. सोमवारी झाड तोडून जाळायचे आहे. आधीचे मृत्युपत्र मी झाडाआधी जाणार असे धरून केले होते, म्हणून ते रद्द.

मी, इग्नाझ वागेनोडर, ओबरलेन शेताचा मालक, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय करीत आहे. मुलगी शेजारच्या खोलीत भांडी आपटते आहे, तो दबाव धरू नये.

१. घर, गोठा आणि जमीन मुलगी एडेलट्राउट हिला. अट एकच. गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत तिला पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या आहेत, तिथे राखीचे नवे झाड लागले पाहिजे. "बाबा, मग गाड्या काय झाडावर लावू?" असे तिने विचारले आहे. अट तरीही कायम आहे.

२. लांडल आणि स्पेक नासपतीची रस्त्याकडची रांगही तिलाच. ती झाडे सगळ्यांकडे आहेत. राखी फक्त आमच्याकडे होती. तिची डोळकाडी, म्हणजे कलमासाठी कापलेली काडी, कुंपणाबाहेर द्यायची नाही, हा आजोबांचा नियम. मीही तो छाती फुगवून पाळला. जगातली एक नासपती एका माणसाच्या अंगणात कोंडून ठेवण्याला मी जतन म्हणत असे.

३. टेकडीपलीकडची नोटबुर्गा हिंटरलाइटनर हिला कलमाचा चाकू, रसाचा घाणा आणि ओकची पिंपे. जुन्या मृत्युपत्रात "तिला एक खिळाही देऊ नये" असे होते. खुलासा करणे भाग आहे.

नासपतीच्या रसाची आमची घरगुती दारू, म्हणजे मोस्ट, दर वसंतात गावात चाखून तिला क्रमांक देतात. एका वर्षी मी परीक्षक होतो. पेल्यांवर नावे नसतात. एक पेला चाखून मी उभा राहिलो, "हा ज्याने केला त्याला नासपती कळते!" पुढचा चाखून म्हणालो, "याने पिंप धुतलेले नाही." पहिला नोटबुर्गाचा निघाला आणि दुसरा माझा. सभागृह अजून हसते आहे.

पण तिच्या पेल्यात मला राखीची चव लागली होती. शरदात तिच्या कुंपणाशी गेलो, तर झाडाखाली राखाडी फळांचा सडा.

"नोटबुर्गा, ही नासपती कुठली?"

"झाडावरची."

"डोळकाडी कुठून आणलीस?"

"इग्नाझ, तू चर्चमध्ये डोळे मिटून गात होतास ना, तेव्हा मला जरा काम होतं."

त्यानंतर मी तिला रामराम करणे सोडले. तिला ते पुष्कळ दिवस कळलेच नाही, हे मला नंतर समजले.

तपासनीस बाईंनी तिचेही झाड पाहिले. ते निरोगी आहे. राखीचे जगात आता तेवढे एकच झाड उरणार, आणि ते चोरीचे आहे. तिने रीतसर मागितले असते तर मी रीतसर नाही म्हटले असते.

४. माझा परीक्षकाचा बिल्ला कोणालाही देऊ नये.

५. काल मी एडेलट्राउटला डोळकाड्या मागायला टेकडीपलीकडे पाठवले. स्वतः गेलो नाही, गुडघे दुखतात असे सांगितले. ती नोटबुर्गालाच घेऊन आली. नोटबुर्गाने झाडाभोवती एक फेरी मारली, काळ्या पडलेल्या शेंड्यांकडे पाहिले आणि खोडावर हात ठेवला. मला म्हणाली, "पिंपं घेईन, पण धुऊन." मी हो म्हटले.

ठरले ते असे. फेब्रुवारीत, झाड झोपेत असताना, नोटबुर्गा तिच्या झाडाच्या डोळकाड्या कापून देईल. एप्रिलमध्ये एडेलट्राउट गोठ्यामागे लावलेल्या नासपतीच्या खुंटरोपावर कलम बांधेल. तिने आजवर एकही बांधलेले नाही. नोटबुर्गा शिकवेल, म्हणजे ओरडेल. फळ धरेल तेव्हा मी नसेन, बहुधा नोटबुर्गाही नसेल.

"आणि काकू, कलम नाही जगलं तर?" एडेलट्राउटने विचारले.

"तर पुढच्या फेब्रुवारीत परत ये."

सही: इग्नाझ वागेनोडर

साक्षीदार (सहीपूर्वी कोणालाही मोस्ट दिलेला नाही):
रूपर्ट ल्युगमायर
वाल्बुर्गा श्टोकिंगर
गोटफ्रीड आइब्ल

ओबरलेन, मोस्टफिअर्टल, ऑस्ट्रिया
१२ सप्टेंबर २०१९