लिब्रादोने न सोडलेला झेल

बॉइल हाइट्स, लॉस एंजेलिस
ऑगस्ट १९४०

आदरणीय रेमेदिओस मावशी,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. एल पासोच्या उन्हात ते थोडे तरी वाकतात का, कळव. इथे सगळे ठीक. माझं पोट तर जरा जास्तच ठीक आहे.

तुझा लिब्रादो सिनेमात आला, हे कळलंच असेल. कसा आला, ते माझ्याकडून ऐक. सिनेमा बेसबॉलचा, विनोदी. नायक गोरा, भित्रा, बॅट झाडूसारखी धरणारा. त्याने शेवटी मेक्सिकन संघाला हरवायचं. त्यासाठी आमच्या बेकरीचा संघ अख्खा भाड्याने घेतला. (आमच्यातल्या निम्म्यांनी मेक्सिको फक्त कॅलेंडरवर पाहिलाय.) रंगभूषावाल्याला माझी मिशी पुरेशी मेक्सिकन वाटेना, म्हणून त्याने तिच्यावर दुसरी चिकटवली. डोक्यावर गाडीच्या चाकाएवढी टोपी. अशी टोपी घालून बेसबॉल खेळणारा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. पण ती मंडळी आम्हांला आमच्याबद्दल शिकवत होती, तेव्हा गप्प ऐकून घेतलं.

लिब्रादोचं काम सोपं होतं. नायकाने मारलेला चेंडू यायचा, टोपी डोळ्यांवर घसरायची आणि झेल सुटायचा. पठ्ठ्याने झेलला. सवयच ती! पुन्हा सांगितलं, टोपी नीट डोळ्यांवर आली, तरी झेलला. मग तर टोपीतच झेलला. हरणाऱ्या संघाचे प्रेक्षक म्हणून पडेल चेहऱ्याने बसायला आणलेल्या आपल्याच गल्लीतल्या बायका उठून अशा ओरडल्या, की दोन्या पिलारबाईंची वाफाळत्या तमालेंची टोपली नायकाच्या अंगावर उपडी झाली.

दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या मचाणावरून खाली उतरला. चेंडू पडला की लोक हसतील, विनोद असाच असतो, असं त्याने खांद्यावर हात ठेवून समजावलं. लिब्रादो म्हणाला, "साहेब, हेच लोक दर रविवारी चर्च सुटलं की मला बघायला येतात."

"पाडलास तर तुझा चेहरा जवळून घेईन," दिग्दर्शक म्हणाला. "तुझी आई बघेल. नाहीतर फक्त पाठ दिसेल."

मावशी, तुझं नाव निघाल्यावर पोरगा जरा थांबला. खोटं कशाला सांगू? मग त्याने टोपी काढून त्या माणसाच्या हातात दिली.

"पाठच घ्या."

शेवटी एका कामगाराला शिडीवर चढवून चेंडू कुंपणापलीकडे फेकायला लावला, म्हणजे नायकाचा फटकाच मैदानाबाहेर गेला असं दिसावं. सिनेमात लिब्रादो उघड्या डोक्याने पळतो, उडी मारतो, बस्स. पण आमच्या थिएटरात ती पाठ दिसली आणि अख्खी गल्ली उभी राहिली. इतकी ताठ पाठ त्या सिनेमात दुसरी नाही, नायकाची धरून.

तुझा,
कुको

ता. क. सिनेमा तिकडे लागला की सगळ्या शेजाऱ्यांना आणि तुमच्या चर्चच्या फादरनाही घेऊन जा. आपल्या लोकांना जिथे वेगळं बसवतील तिथे बस, पण पाठ दिसली की माझा मुलगा म्हणून ओरडायला लाजू नकोस.

ता. क. दुसरा. त्याच्या थोडं आधी निवडुंगाखाली एक जाडा मेक्सिकन घोरताना दिसेल. बराच वेळ, आणि अगदी जवळून. मिशा दोन. ते सोंग नव्हतं गं. रात्रभर कणीक मळून आलो होतो, खरीच झोप लागली. दिग्दर्शक मात्र सांगत सुटलाय, की इतका अस्सल अभिनय त्याने पाहिला नाही. तेवढा वेळ फादरना खुर्चीखाली तुझा चष्मा शोधायला लाव.